निळ्या झुडपाची हजेरी

कात्रीकाकूकडून केस कापून घेतलेली बाई घरी गेली, की घरच्यांना काही कळायचंच नाही. काहीतरी बरं दिसतंय एवढं लक्षात यायचं, पण काय ते सांगता यायचं नाही. हीच काकूची ख्याती. "नुसते शेंडे घेते," म्हणायची आणि खरंच नुसते शेंडे घ्यायची. बत्तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. एक फिरती खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी बाक आणि कोपऱ्यात कापलेल्या केसांचा पत्र्याचा डबा. पाटी कधी लावली नाही. जिला यायचं ती विचारत विचारत यायची.

केसांच्या बाबतीत हात हलका, बोलण्याच्या बाबतीत मात्र नाही. केस गळतात म्हणून रडकुंडीला आलेल्या एका बाईला ती म्हणाली होती, "गळू देत की. तेवढंच डोक्यातून काहीतरी बाहेर पडतंय." बाई तणतणत उठून गेली आणि पुढच्या महिन्यात परत आली. काकूने टोमणा मारला की बाकावरच्या बाकीच्या पोट धरून हसायच्या, आणि आज आपली पाळी असली तरी उद्या दुसरीची असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या घरात दोन दुष्ट माणसं राहतात असं कुणी म्हटलं असतं, तर काकूने ते नाकारलं नसतं. दुसरं माणूस म्हणजे तिचा नवरा. तो एका मोठ्या कारखान्यात टाइमकीपर होता. गेटजवळच्या खिडकीमागे बसून कोण किती वाजता आला ते लिहायचं, एवढंच काम. पण पस्तीस वर्षं ते त्याने अशा थाटात केलं, की जणू तो नसता तर सूर्यच वेळेवर उगवला नसता. भोंगा झाला की दोन मिनिटं सवलत. मग काळं पेन खाली आणि लाल पेन हातात. कामगार त्याला लाल शाईच म्हणायचे. एकदा एकजण धापा टाकत आला आणि म्हणाला, बायको बाळंत झाली म्हणून उशीर झाला. लाल शाईने विचारलं, "मूल वेळेवर झालं ना? मग तुला काय झालं?" आणि शेरा मारला. हा किस्सा तो जेवताना स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

असल्या माणसाच्या पोटी जो मुलगा आला, तो डॉक्टरांनी दिलेल्या तारखेनंतर बारा दिवसांनी आला. तिथूनच बिनसलं. दोन वर्षांचा झाला तरी चालेना, चार वर्षांचा होईपर्यंत नीट बोलेना. नवऱ्याने त्याला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली, आणि काकूने ते उचललं. हे सांगायलाच हवं, कारण पुढे ती सगळा दोष नवऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळी झाली. पोरगा दप्तर ओढत दारात आला की ती बाकावरच्या बायकांना म्हणायची, "आली बघा आमची गोगलगाय, पाठीवर घर घेऊन." बायका हसायच्या. पोरगाही हसायचा, पण इतरांचं हसून झाल्यावर.

शाळा घरापासून दहा मिनिटांवर. त्याला चाळीस लागायची. सायकलचं पंक्चर काढणारा माणूस, भिंतीवर चढणाऱ्या मुंग्या, जे दिसेल ते बघत तो उभा राहायचा. नवऱ्याने कारखान्यातून हजेरीचं एक कोरं रजिस्टर आणलं. सकाळी त्यात तारीख लिहायची, पोरगा घरी आला की पुढे वेळ, उशीर असेल तर लाल शाईत, आणि शेवटी पोराची सही. सही करायलाही तो वेळ लावायचा. जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरत बसायचा, आणि बाप मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा असायचा.

शाळेच्या शेवटच्या वर्गात तो दोनदा नापास झाला. त्या दिवशी काकूने, जिने आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती, नवऱ्यापुढे हात जोडले.

"अहो, एक वर्ष द्या त्याला. त्याला सगळं उशिरा येतं, पण येतं. चालला ना शेवटी? बोलला ना?"

"गेट बंद झालं की बंद झालं," नवरा म्हणाला. "एका गोगलगायीसाठी सगळ्या कारखान्याने थांबायचं का?"

आठवड्याभरात त्याने ओळख काढून पोराला बर्फाच्या कारखान्यात चिकटवून दिलं. तिथे बर्फाच्या लाद्या लाकडी घसरणीवरून खाली येतात. वरचा माणूस ओरडतो, खालचे बाजूला होतात, लादी धाडकन येऊन थांबते. सातव्या महिन्यात एक लादी वेळेआधी सुटली. ओरडा झाला. चौघे बाजूला झाले. पाचवा मान वर करून बघत राहिला. त्याला तेव्हा एकोणिसावं वर्ष चालू होतं.

त्या सकाळी काकूनेच त्याच्या हातात डबा दिला होता. "आज तरी वेळेवर जा रे, गोगलगायी," हे तिचे त्याच्याशी शेवटचे शब्द. पण ती हे कधी कुणाला बोलली नाही. तिच्या लक्षात राहिलं ते दुसरंच वाक्य. भेटायला आलेल्या लोकांना नवरा दारात उभा राहून सांगत होता, "वेळेवर बाजूला झाला असता तर वाचला असता." रागाने नाही, रडत नाही. गेटवरचा अहवाल द्यावा तसा.

तेव्हापासून काकूला या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. त्याने एकदा, फक्त एकदा, "माझं चुकलं" म्हणावं. तिने ते मागितलं नाही. मागून मिळालेलं तिला नको होतं. ती त्याला दोन वेळा जेवायला वाढत होती, त्याचे कपडे धूत होती आणि वाट बघत होती. अशी अकरा वर्षं गेली.

मधल्या काळात नवरा निवृत्त झाला आणि त्याने घरामागच्या परसात बाग लावायला घेतली. बाग म्हणजे काय, धुण्याचा दगड आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली दहा पावलं जमीन. गल्लीच्या टोकाला रोपं विकणाऱ्या माणसाकडून त्याने बाकीच्या रोपांबरोबर एक झुडूप आणलं. त्याच्या चिठ्ठीवर लांबलचक नाव होतं, ते कुणालाच उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला निळं झुडूप म्हणू लागले. पहिल्या हिवाळ्यात थंडीने ते जळून गेलं. थंडी सरली, सगळ्या झाडांना पालवी फुटली, आणि याच्या जागी नुसत्या करड्या काड्या. नवऱ्याने नखाने साल खरवडून पाहिली. आत कोरडं ठणठणीत. तो कुदळ घेऊन आला.

रोपवाला कुंपणापलीकडून चालला होता, तो ओरडला, "काका, थांबा! वरून मेलंय ते, मुळाशी जिवंत आहे. या जातीचं असंच असतं. दर हिवाळ्यात मरतं आणि सगळ्यांचं सगळं झालं की मग उठतं. थोडा दम धरा."

आणि लाल शाईने दम धरला! पुढच्या खोलीतून हे ऐकणाऱ्या काकूच्या हातातला कंगवा थांबला. हा माणूस आणि दम?

उन्हाळा चांगला तापला तेव्हा जमिनीतून कोंब वर आले. पानगळ सुरू होऊन बाकीच्या बागेचा कचरा झाला, तेव्हा याला निळी फुलं लागली, प्रत्येक फांदीच्या टोकाला झुपक्याझुपक्याने. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच, आणि त्याच आठवड्यात. नवरा खुळावलाच. "उशिरा येतं, पण उशिराची वेळ चुकवत नाही," हे तो दुकानात डोकावून बाकावरच्या अनोळखी बायकांनासुद्धा सांगायला लागला. थंडीच्या आधी मुळाशी वाळल्या पानांचा ढीग लावायचा, थंडीनंतर वाळक्या काड्या वीतभर ठेवून कापायच्या, कोंब येईपर्यंत कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती दगड मांडायचे. तळहाताच्या फोडासारखं जपायचा तो त्याला. फुलं आली की हात मागे बांधून समोर उभा राहायचा, जसा पोराच्या बक्षीस समारंभाला बाप उभा राहतो तसा.

"काकू, काकांसारखा धीर पाहिजे बाई माणसाला," खुर्चीत बसलेली शाळामास्तरीण एक दिवस म्हणाली. "दुसऱ्या कुणी कधीच उपटून फेकलं असतं."

काकूच्या कात्रीने कच्चकन आवाज केला आणि मास्तरणीच्या कपाळावरची बट तिरकी गेली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. काकूने माफी मागितली नाही. "तिरकंच शोभतं तुम्हाला," म्हणाली आणि दुसरी बाजूही तिरकी करून टाकली.

चौथ्या उन्हाळ्याच्या अखेरीस नळाची रबरी नळी शोधताना तिने नवऱ्याचा खण उघडला. नळीखाली ते रजिस्टर होतं. पुठ्ठा बघताच तिने ओळखलं. ती जमिनीवर बसली आणि पानं उलटू लागली. सगळं लाल. पाच चाळीस. पाच पंचेचाळीस. सहा वाजून दोन. प्रत्येक ओळीच्या शेवटी पोराची ती वेडीवाकडी, कोरलेली सही. पुढे तो बर्फाच्या कारखान्यातून यायच्या वेळा. मग शेवटची ओळ. सकाळी लिहिलेली तारीख, आणि पुढे वेळेची जागा कोरी.

तिने पान उलटलं. पलीकडच्या पानावर त्याच अक्षरात, काळ्या शाईत लिहिलं होतं: "निळं झुडूप. पहिला कोंब. वेळेवर." खाली: "पहिली कळी. वेळेवर." पुढच्या पानावर पुढचं वर्ष. सगळी झाडं उठून दोन महिने झाल्यावर जे उठलं, त्याच्या नावापुढे वेळेवर, वेळेवर, वेळेवर.

मुद्दाम केलं असतं तर तिला सोसलं असतं. पण ती नवऱ्याला ओळखून होती. पानं शिल्लक होती, वही वाया जाऊ नये, एवढाच विचार त्याने केला असणार. मेलेल्या पोराच्या कोऱ्या जागेपाठोपाठ झुडपाची हजेरी सुरू करताना त्याचा हात क्षणभरही अडला नसणार. काकूने रजिस्टर होतं तसं नळीखाली ठेवलं. तिला रडू आलं नाही. तिला त्या झुडपाचा इतका राग आला, की हात शिवशिवले.

रोपवाला नवऱ्याला दरवर्षी बजावायचा, "उन्हाळा उतरला की शेंड्यांना हात लावू नका. फूल शेंड्यालाच येतं. खुडलं की गेलं, मग थंडी येईपर्यंत दुसरं धरत नाही." काकूने ते दरवर्षी ऐकलं होतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी नवरा जुन्या सोबत्यांना भेटायला जायचा. नऊ वाजून दहा मिनिटांनी बाहेर, साडेबाराला परत. काळ्या दगडावरची रेघ. त्या सोमवारी तो कोपऱ्यावरून वळताच काकू आपली सगळ्यात बारीक कात्री घेऊन परसात गेली. झुडूप तिच्या छातीएवढं झालं होतं आणि टोकांना मोहरीएवढ्या कळ्या धरल्या होत्या. तिने एकेक फांदी दोन बोटांत धरली, बटेला धरतात तशी, आणि टोकाखालच्या पानांच्या जोडीच्या अगदी वर कापलं, म्हणजे पानं झुकून काप झाकतील. नुसते शेंडे घेतले. एकही चुकवला नाही. मग दोन पावलं मागे सरून चारी बाजूंनी बघितलं. सफाईचं काम झालं होतं. शेंडे तिने ओंजळीतून नेऊन पत्र्याच्या डब्यात केसांखाली दाबले आणि पहिल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

"काकू, आज तुमच्या हाताला कसला छान वास येतोय?" ती म्हणाली. त्या झुडपाच्या पानांना वास असतो.

"नवीन साबण," काकू म्हणाली.

पानगळ सुरू झाली. नवरा रोज सकाळी भिंग घेऊन परसात जायचा आणि परत येऊन रजिस्टर काढायचा. आता तो ते सरळ जेवणाच्या टेबलावरच ठेवत असे. "आज नाही," तो म्हणायचा.

"उशिरा फुलतं ना ते," काकू चहा पुढे सरकवत म्हणायची. "वाट बघा."

दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. त्याचं जेवण कमी झालं. काकूला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगायचं? अकरा वर्षांत तिला पहिल्यांदा भूक लागत होती. वाट बघणं म्हणजे काय ते हा माणूस शेवटी शिकत होता, आणि शिकवणी तिची होती.

नवऱ्याने रोपवाल्याला बोलावलं. तो पानं बाजूला सारत वाकला आणि तसाच थांबला. त्याने दुसरी फांदी पाहिली, तिसरी पाहिली. सगळे काप एकाच तिरकस कलाने घेतलेले. मग त्याने मान वर करून घराच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काकू कात्री पुसत उभी होती. त्याच्या बायकोचे केस वीस वर्षं तीच कापत आली होती, असं काम कुणाच्या हातचं ते त्याला न सांगता कळण्यासारखं होतं.

"शेंड्यांना कुणी हात लावला का, काका?"

"माझ्याशिवाय इकडे कुणी फिरकत नाही."

रोपवाला बराच वेळ हात झटकत राहिला. "मग कीड असेल," तो शेवटी म्हणाला आणि चहाला न थांबता गेला.

थंडी पडणार अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा नवऱ्याने माळ्यावरची ट्रंक उघडली. काकू बघत होती. त्याने पोराचं लोकरी पांघरूण काढलं. अकरा वर्षं तिने ते डांबराच्या गोळ्या घालून जपलं होतं. ते परसात नेऊन त्याने झुडपावर घातलं, चारी टोकांवर दगड ठेवले आणि वर हात फिरवला. त्याला त्या पांघरुणाखाली कोण दिसत होतं हे काकूला एकदा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. उत्तर चुकीचं आलं असतं तर तिने तिथेच त्याचा गळा धरला असता.

दोन दिवसांनी गवतावर पांढरा थर धरला. पांघरुणाखालची पानं काळी पडून लोंबत होती. त्या सकाळी नवरा पुढच्या खोलीत आला. बायकांच्या केसांच्या त्या खोलीत तो दारातून डोकावायचा तेवढंच, एरवी त्याने आत पाऊल टाकलं नव्हतं. बाक रिकामा होता. तो फिरत्या खुर्चीत बसला आणि समोरच्या आरशात बघत राहिला. काकू त्याच्या मागे कात्री घेऊन उभी होती.

"अगं," तो म्हणाला, "माझं चुकलं."

 काकूने खुर्चीची पाठ धरली. आरशात तिला त्याचे डोळे दिसले, ओले होते. अकरा वर्षं. तो एवढ्यावर थांबला असता तर तिने कात्री टाकली असती, शेंड्यांचं सांगितलं असतं, डब्याचं, त्या सकाळच्या गोगलगायीचंही सांगितलं असतं. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली असती.

"पाणी जास्त घातलं मी त्याला," नवरा म्हणाला. "आणि खत द्यायला उशीर केला. चूक माझीच. शेजारचे म्हणतात, उपटून टाका आता. मी म्हटलं, नाही. एक वर्ष देऊ त्याला. काय म्हणतेस?"

काकूने खुंटीवरचं कापड काढलं, झटकलं आणि त्याच्या मानेभोवती गुंडाळून मागे गाठ मारली. गाठ थोडी घट्ट बसली.

"देऊ की," ती म्हणाली. "दरवर्षी देऊ."

तिने त्याचे पांढरे केस विंचरले आणि पहिली बट दोन बोटांत धरली. आरशाशेजारी नवीन वर्षाचं कॅलेंडर आधीच लावलेलं होतं. त्यात उन्हाळ्याच्या अखेरीस एक पहिला सोमवार होता. त्या दिवशी नवरा नऊ वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडणार होता, आणि त्यात एका मिनिटाचाही फरक होणार नव्हता.